बी.एस्सी.ची विषयनिवड: फॉर्म भरण्याआधीची तयारी

बारावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजात प्रवेशाची गर्दी सुरू होते. येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं 'बी.एस्सी. करायचं' एवढंच ठरलेलं असतं. बी.एस्सी.त नेमके कोणते विषय घ्यायचे, हे सायबर कॅफेत फॉर्म भरताना ठरतं, आणि तेही शेजारी बसलेल्या मित्राने काय भरलं ते बघून. मी विज्ञान शाखेत शिकवते, पहिल्या वर्षाच्या मुलांची मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, म्हणूनही काम बघते. दर वर्षी दिवाळीच्या आसपास दोन-तीन मुलं माझ्याकडे येतात आणि विचारतात, "मॅडम, आता विषय बदलता येईल का?" तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. ती वेळ तुमच्यावर येऊ नये, म्हणून काय काय आधी करून ठेवायचं ते इथे सांगते. माझं सगळ्यात आग्रहाचं म्हणणं आधीच सांगून टाकते. मुख्य विषयाचा विचार सगळेच करतात. नंतर अडचण होते ती तिसऱ्या विषयामुळे आणि 'काहीतरी घ्यायचं म्हणून घेतलेल्या' विषयांमुळे.

पहिली तयारी रचना समजून घेण्याची. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीचा अभ्यासक्रम क्रेडिटवर चालतो. क्रेडिट म्हणजे विषयाला किती तास द्यायचे ते मोजायचं एकक. स्वायत्त, म्हणजे आपला अभ्यासक्रम स्वतः आखणाऱ्या कॉलेजांत तो त्याच्या एक वर्ष आधी आला. साधारणपणे एका सत्राला २२, वर्षाला ४४ आणि तीन वर्षांच्या पदवीला १३२ क्रेडिट लागतात. चौथं वर्ष केलं तर ऑनर्सची पदवी मिळते आणि एकूण क्रेडिट १७६ होतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. हा हिशोब कागदावर मांडून बघा. पहिल्या सत्रात विज्ञानाचे तीन विषय असतील आणि प्रत्येकाला दोन क्रेडिटची थिअरी व दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल असेल, तर आठवड्याला सहा तास थिअरी आणि बारा तास प्रयोगशाळा होते. त्यात उरलेल्या दहा क्रेडिटचे निदान दहा तास धरा. म्हणजे आठवड्याला सुमारे २८ तास वर्गात आणि प्रयोगशाळेत जातात. घरी जर्नल लिहायचा वेळ यात धरलेलाच नाही. एखादी नोकरी किंवा दुकान सांभाळून शिकणाऱ्याने हा आकडा घरच्यांनाही आत्ताच सांगून ठेवावा.

हे क्रेडिट विषयांच्या वेगवेगळ्या प्रकारांत वाटलेले असतात, मी त्यांना डबे म्हणते. त्या डब्यांची नावं पाठ करा, कारण फॉर्मवर ती आद्याक्षरांत येतात आणि तिथेच गोंधळ होतो. मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह. तो तुमच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, म्हणजे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला कला किंवा वाणिज्य शाखेतला. व्हीएससी आणि एसईसी हे कौशल्याचे विषय, एईसी भाषेचा, व्हीईसी पर्यावरण किंवा राज्यघटनेसारखा, आयकेएस भारतीय ज्ञानपरंपरेचा आणि सीसी म्हणजे एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक असे उपक्रम. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय समान वजनाचे असतात. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर होतो, एक मायनर आणि एक सुटतो. काही ठिकाणी मेजर पहिल्याच सत्रात ठरतो. तुमच्या कॉलेजात यातली कोणती पद्धत आहे, हा तुमच्या वहीतला पहिला प्रश्न असू द्या.

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते एका मुलाच्या उदाहरणावरून सांगते. भौतिकशास्त्रात फार चांगला होता. तिसरा विषय निवडताना गणित सोडलं, कारण गणिताचे तास सकाळी सातला आणि त्याच्या गावची एसटी साडेसातला पोचायची. त्याने विचारलं नाही आणि त्याला कोणी विचारलंही नाही. दुसऱ्या वर्षात त्याला जॅम या परीक्षेबद्दल कळलं, आयआयटीत एम.एस्सी. करता येते म्हणून. माहितीपत्रक उघडलं तर त्याच्या मनातल्या संस्थेची अट होती: पदवीला भौतिकशास्त्र निदान चार सत्रं आणि गणित निदान दोन सत्रं शिकलेलं असावं. त्या दिवशी तो माझ्यासमोर खुर्चीत बसून राहिला, काहीच बोलला नाही. प्रवेशाच्या वेळी कोणीतरी त्याच्याशी दहा मिनिटं बोललं असतं, तर गणिताची दुपारची तुकडी आहे का ते बघता आलं असतं. ती दुपारची तुकडी त्या वर्षी होती.

म्हणून तयारीतली सगळ्यात मोठी गोष्ट ही: विषय निवडताना तीन वर्षांनंतर जिथे जायचंय तिथली अट आधी वाचा. एम.एस्सी. करायची असेल तर ज्या दोन-तीन विद्यापीठांत किंवा संस्थांत जायची इच्छा आहे, त्यांच्या मागच्या वर्षीच्या माहितीपत्रकातला पात्रतेचा परिच्छेद डाउनलोड करून ठेवा. तिथे 'पदवीला अमुक विषय इतकी सत्रं' अशी भाषा असते. बी.एड. करून शाळेत शिकवायचं असेल तर कोणत्या विषयाच्या पदवीवर बी.एड.ला कोणत्या विषयाची अध्यापन पद्धती (मेथड) घेता येते ते विचारा. रसायन उद्योगात नोकरी हवी असेल तर रसायनशास्त्रासोबत सूक्ष्मजीवशास्त्र घ्यायचं की भौतिकशास्त्र, हे तिथे काम करणाऱ्या कुठल्या तरी ताई-दादाला विचारा. बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्यांनी आणखी एक बघावं. भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्र मेजर म्हणून घ्यायला बारावीच्या गणिताची अट आहे का? असेल तर ती प्रवेशाआधी कळायला हवी, तिसऱ्या आठवड्यात नाही.

कॉलेजांची मर्यादाही समजून घ्या. कागदावर कोणतेही तीन विषय जोडता येतात असं वाटतं, पण वेळापत्रक ठरावीक गटांवरच बसवलेलं असतं: भौतिक-रसायन-गणित, रसायन-वनस्पती-प्राणी, असे. गटाबाहेरची जोडणी मागितली तर दोन प्रॅक्टिकल एकाच दुपारी येऊ शकतात. प्रयोगशाळेत जागाही मोजक्याच असतात. मेजर दुसऱ्या वर्षी ठरणार असेल आणि एखाद्या विषयाला मागणी जास्त असेल, तर पहिल्या वर्षाच्या गुणांवर यादी लागते. म्हणून 'हा विषय तर पुढे सोडणारच' असं मनात धरून कोणताही विषय हलक्यात घेऊ नका. ज्या विषयाला तुम्ही तिसरा म्हणता, तोच कधी कधी मेजर करावा लागतो, आणि कधी कधी तोच आवडायला लागतो.

ओईबद्दल थोडं मनापासून. विज्ञानाची मुलं सर्वात जास्त घाई इथे करतात. 'सोपा कुठला?' एवढाच प्रश्न असतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने अर्थशास्त्राचा प्राथमिक पेपर घेतला, आणि आज ती शेतीच्या आकडेवारीवर काम करते. एकाने तर्कशास्त्र घेतलं, त्याच्या गणिताच्या सिद्धता सुधारल्या. दोन क्रेडिटचा विषय असला तरी तो आयुष्यातला एकमेव इतिहासाचा किंवा वाणिज्याचा पेपर असू शकतो, म्हणून अभ्यासक्रमाचं एक पान वाचून निवडा. एकच काळजी घ्या: ओई विज्ञानाबाहेरचा आहे याची खात्री करा. चुकून आपल्याच शाखेतला विषय भरला आणि पोर्टलनेही तो घेतला, तर निकालाच्या वेळी क्रेडिट अडकतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला, आधार, फोटो. दुसऱ्या बोर्डातून आलात तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल, ते मागवायला वेळ जातो. आरक्षणात येत असाल तर जातीचा दाखला आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज स्वतःच्या मोबाइल नंबरवरून भरा, सायबर कॅफेवाल्याच्या नंबरवरून नको. पासवर्ड त्याच्याकडे आणि ओटीपीही त्याच्याकडे, या अवस्थेत मुलांचे दोन-दोन हप्ते अडकलेले मी पाहिले आहेत.

एबीसी आयडी मात्र थोडक्यात उरकू नका. एबीसी म्हणजे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. तुम्ही मिळवलेले क्रेडिट इथे जमा होतात आणि कॉलेज किंवा विद्यापीठ बदललं तरी तुमच्यासोबत येतात. डिजिलॉकर या कागदपत्रं ठेवायच्या सरकारी ॲपमधून हा बारा आकडी क्रमांक काढता येतो. काढण्याआधी आधारवरचं नाव, बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि कॉलेजच्या फॉर्मवरचं नाव अक्षरशः एक आहे का ते बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये लिहायची रीत आहे. आधारवर ते नसतं, गुणपत्रिकेवर असतं, कधी आडनाव आधी येतं. एवढ्याशा फरकाने क्रेडिट खात्यात दिसत नाहीत. दुरुस्तीची ही खटपट निकालानंतर करण्यापेक्षा जूनमध्ये करा.

आता मेंटॉरची भेट. प्रत्येक कॉलेजात प्रवेशाच्या दिवसांत समुपदेशन समिती असते. ती खिडकीशेजारच्या एखाद्या वर्गात बसलेली असते आणि बहुतेक वेळ रिकामी असते, कारण मुलांना वाटतं की सरांना काय विचारायचं. तुम्ही जा. सोबत वही न्या. त्यात आधीच लिहिलेले प्रश्न असू द्या. मेजर कधी आणि कशावर ठरतो? माझ्या तीन विषयांची प्रॅक्टिकल एकमेकांवर येतात का? विषय बदलायची मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि अर्ज कोणाकडे द्यायचा? अंतर्गत मूल्यमापनाचे गुण कशाला आहेत आणि त्यात वेगळं पास व्हावं लागतं का? एटीकेटी, म्हणजे नापास विषय मागे ठेवून पुढच्या वर्षात जाणं, किती विषयांपर्यंत चालते? आई-बाबांना नेलंत तरी प्रश्न तुम्हीच विचारा. आणि उत्तर मिळालं की तारीख घालून लिहून घ्या, कारण नियमांची परिपत्रकं वर्षभरात बदलतात. पुढे कोणी 'असं कधी सांगितलंच नव्हतं' म्हटलं, तर तुमच्याकडे निदान तारीख असेल.

आमच्यासारख्या शिक्षकांकडून मुलांनी एक गोष्ट हक्काने मागावी, ती म्हणजे वेळ. एखाद्याने घाईत 'काहीही घ्या, सगळं सारखंच' असं सांगितलं तर दुसऱ्या शिक्षकांकडे जा, त्या विषयाच्या विभागात जा, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जात असेल, तर हे विचारणं अवघड जातं, ते मला माहीत आहे. तरीही विचारा.

फॉर्म भरल्यावर पोर्टलवरची पोच पीडीएफ म्हणून सेव्ह करा आणि छापूनही ठेवा. पहिल्या आठवड्यात वर्गाची यादी लागते, तेव्हा प्रत्येक विषयाच्या यादीत स्वतःचं नाव शोधा. फक्त मेजरच्या यादीत नाव बघून थांबू नका. ओई, भाषा, सीसी, सगळ्या याद्या तपासा. एनएसएस किंवा एनसीसीला जायचं असेल तर पहिल्याच पंधरवड्यात नाव द्या, जागा भरतात. एनएसएसला वर्षाला १२० तासांचं काम असतं, तेही आठवड्याच्या हिशोबात धरा. प्रॅक्टिकलची बॅच ठरते त्या दिवशी हजर राहा. परतीची शेवटची एसटी सहाची असेल, तर संध्याकाळच्या बॅचमध्ये नाव गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या. बहुतेक जण समजून घेतात, पण बॅच लागायच्या आधी सांगितलं तर.

मग हजेरी आणि जर्नल. ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, आणि प्रॅक्टिकल चुकलं की पुन्हा घ्यायला वेगळी बॅच मिळेलच असं नाही. प्रयोग झाला त्याच आठवड्यात जर्नलवर सही घ्या. सत्राच्या शेवटी सही घ्यायला उभी राहिलेली मुलं आणि सर्टिफाय न झालेली जर्नलं बघून दर वर्षी वाईट वाटतं, कारण प्रयोग त्यांनी केलेला असतो.

'स्वयं' या सरकारी पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स पदवीत धरता येतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतचे क्रेडिट असे मिळवता येतात. आपल्या कॉलेजात न शिकवला जाणारा विषय शिकायची ही मोठी संधी आहे. पण कोर्सला नाव घालण्याआधी तो तुमच्या कोणत्या डब्यात धरला जाईल, याची कॉलेजकडून लेखी मंजुरी घ्या. आधी प्रमाणपत्र आणि मग मंजुरी, अशी उलटी वाट धरली तर मेहनत फुकट जाऊ शकते.

पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवावं लागणार असेल, तर तेही तयारीत धरा, लपवू नका. ४४ क्रेडिट आणि त्यावर चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप पूर्ण केली तर प्रमाणपत्र मिळतं; दुसऱ्या वर्षानंतर तसंच डिप्लोमा. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सगळं मिळून सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते. घरची अडचण आली आणि मुलगी न सांगता यायची बंद झाली, तर ते चार क्रेडिट राहून जातात आणि हाती काहीच लागत नाही. म्हणून थांबायची वेळ आली तरी एकदा येऊन भेटा.

संशोधनाकडे ओढा असेल तर ७५ टक्क्यांचा आकडा पहिल्या सत्रापासून लक्षात ठेवा. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायला पहिल्या सहा सत्रांत तेवढे गुण लागतात. पहिल्या वर्षी 'अजून वेळ आहे' म्हणून गमावलेले गुण सहाव्या सत्रात एकट्याने भरून निघत नाहीत.

पहिल्या सत्राचा निकाल लागला की डिजिलॉकर उघडून क्रेडिट जमा झाले का ते बघा. गुणपत्रिकेवर २२ आणि खात्यात १८ दिसले, तर त्याच आठवड्यात परीक्षा विभागात जा, सोबत जूनमध्ये छापून ठेवलेली ती विषयनिवडीची पोच न्या. आणि दुसऱ्या सत्राचा ओई निवडायची लिंक बहुधा त्याच सुमारास उघडते, तेवढी बघून ठेवा.