डस्टरसाठी नवे टायर: घाट, महामार्ग आणि गावचा चिखल

आमच्या रेनॉ डस्टर गाडीचे टायर झिजून टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे झीज दाखवणाऱ्या खुणेजवळ आले होते. खाचेच्या तळाशी १.६ मिमीचा छोटा उंचवटा असतो. नक्षी त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र तितकीही वाट पाहू नये. ताम्हिणीच्या उतारावर पाणी वाहत असतं, तिथे उथळ खाचा पाणी बाहेर टाकू शकत नाहीत.

गाडी रोज पुण्यात, अधूनमधून द्रुतगती मार्गावर, आणि सुट्टीत माणगावमार्गे गावी. शेवटचा तुकडा कच्चा, पावसात नुसता लाल चिखल. दुकानदार ए/टी (ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांच्या) टायरचा आग्रह धरत होता. दिसतात रांगडे, पण डांबरावर आवाज जास्त आणि इंधनही जास्त खातात. एवढ्याशा चिखलासाठी वर्षभर ते का सोसायचं? मी एच/टी (हायवे-टेरेन, म्हणजे मुख्यतः डांबरी रस्त्याचे) घेतले.

माप कंपनीचंच ठेवलं: २१५/६५ आर १६, ९८ एच. यातला ९८ म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ७५० किलो भार, आणि एच ही वेगमर्यादेची खूण. घरची पाच माणसं आणि आंब्याच्या पेट्या असताना हा आकडा कमी करू नये. टायर कधी बनला ते सांगणारे बाजूवरचे चार अंकही स्वतः वाचले: १२२४ म्हणजे २०२४चा बारावा आठवडा. दुकानदाराने आधी काढलेली जोडी बरीच जुनी होती, ती परत करायला लावली.

व्हॉल्व्ह नवे, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, सगळं तिथेच उरकलं. आता घाटात ओल्या वळणांवर गाडी घट्ट धरून चालते. चिखलात दुसरा गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, आणि निघते.