टेक्स्टवरचा आरपीजी दोन आठवड्यांत थंड पडायचा, तो असा चालू ठेवला

आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, प्रत्येकाने एकेक कॅरेक्टर घेऊन मिळून गोष्ट खेळायची. डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर पाच प्लेयर, मी गेम मास्टर म्हणजे गोष्ट चालवणारा, ग्रिम बंधूंच्या वळणाची काळोखी परीकथा. पहिले आठ-दहा दिवस धडाधड पोस्ट, मग सगळे एकमेकांची वाट बघत बसायचे, फाईट आली की एकेक राउंडला आठवडा. रिमाइंडर टाकले, रोज एक पोस्टचा नियम केला, प्लेयर बदलले, काही उपयोग नाही. असे तीन गेम अर्धवट सुटले, खूप जीव तुटला.

चौथ्यांदा आधी प्रत्येकाकडून दोन ओळी लिहून घेतल्या, तो गायब असला तर त्याचं कॅरेक्टर काय करेल. गोष्टीत लहान मुलांना इजा वगैरे काय नको तेही तेव्हाच खाजगीत विचारलं. मग टर्नचा क्रमच काढला: ४८ तासांची मुदत, त्यात कुणीही कधीही लिहा, मुदत संपली की सगळे फासे मी टाकतो, गप्प बसलेल्याचं त्याच्या दोन ओळींप्रमाणे, शत्रूंचं सगळं त्याच पोस्टमध्ये.

खरा फरक शेवटच्या वाक्याने पडला. आधी लिहायचो, "जंगल भयाण आहे, काय करता?" आता लिहितो, "भट्टीचं दार कोमट आहे, आतून पोरगी हाक मारतेय, चेटकीण अंगणात लाकडं गोळा करतेय. दार तोडताय की तिला अडवताय?" यावर लंच ब्रेकमध्येसुद्धा उत्तर येतं.

रहस्यही एकच ठेवलं. ग्रिम बंधूंच्या परीकथांच्या १८१२ च्या आवृत्तीत हॅन्सेल-ग्रेटेल या भावंडांना जंगलात सोडायला लावणारी सख्खी आई आहे, सावत्र नंतर झाली, तेच घेतलं. पाचवा महिना चालू आहे, भट्टीची फाईट सहा दिवसांत संपली.