सायलेन्सर बदलावा, पण प्रदूषण चाचणी सांभाळून

बाहेरचा सायलेन्सर बसवल्यानंतर गाडी प्रदूषण चाचणीत नापास झाली, की दोष सायलेन्सरलाच दिला जातो. खरे दुखणे मात्र अनेकदा त्याच्या अलीकडे, म्हणजे धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आसपास किंवा नळ्यांच्या सांध्यांत असते. म्हणून कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी गाडीखाली वाकून इंजिनापासून शेवटच्या तोंडापर्यंतचा नळीचा मार्ग एकदा नीट पाहून घ्यावा आणि कन्व्हर्टर नेमका कुठे आहे, ऑक्सिजन सेन्सर किती आहेत व कुठे बसवले आहेत, हे समजून घ्यावे. कन्व्हर्टरच्या मागचा भाग बदलल्याने आवाज बदलतो, वजन कमी होते, पण धुराचे रसायन जवळजवळ तसेच राहते. त्याच्या पुढचा, म्हणजे इंजिनाकडचा भाग बदलला, की चाचणीशी थेट संबंध येतो.

दुचाकीच्या बाबतीत येथे विशेष सावध राहावे लागते, कारण अनेक दुचाकींमध्ये कन्व्हर्टर सायलेन्सरच्या आतच बसवलेला असतो. असा सायलेन्सर काढून मोकळी नळी लावली, तर कन्व्हर्टरच गाडीतून निघून जातो. त्यामुळे नवीन सायलेन्सरमध्ये कन्व्हर्टर आहे का आणि त्या मॉडेलसाठी तो मान्यताप्राप्त आहे का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे. अनेक ठिकाणी आवाजाची मर्यादाही वेगळी तपासली जाते, म्हणून आवाज दाबणारा आतला बॅफल काढून टाकू नये.

कन्व्हर्टरला इतके महत्त्व का, हे त्याच्या कामावरून लक्षात येते. आतल्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो, आणि त्यावर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन व नायट्रोजनचे ऑक्साइड यांचे रूपांतर कमी घातक वायूंमध्ये होते. त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली अट उष्णतेची: साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअस तापमान झाल्याशिवाय ही क्रिया नीट सुरू होत नाही. दुसरी अट मिश्रणाची: पेट्रोल इंजिनात एक भाग इंधनाला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा, म्हणजेच लॅम्डा (प्रत्यक्ष हवा भागिले आदर्श हवा) 1 च्या अगदी जवळ, असे प्रमाण टिकले तरच तिन्ही वायूंवर एकाच वेळी काम होते. लांब नळ्यांचे हेडर, म्हणजे इंजिनालगतचा नळ्यांचा संच, बसवून कन्व्हर्टर मागे सरकवला, तर तो उशिरा तापतो आणि पहिली अट ढासळते. सांधा गळू लागला, तर दुसरी.

गळतीचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आहे. धूर नळीतून सलग वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने येतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये नळीतील दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे सांधा सैल असेल, तर त्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला धुरात जास्त ऑक्सिजन दिसतो, इंधन कमी पडते आहे असे समजून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, जादा इंधन सोडतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. म्हणून प्रत्येक सांध्याला नवी गॅस्केट वापरावी, जुनी पुन्हा लावू नये. सीलंट लावायचाच असेल, तर सेन्सरला अपाय न करणारा निवडावा, कारण काही सिलिकोन सीलंटमधून निघणारी वाफ ऑक्सिजन सेन्सर निकामी करते. सेन्सर पुन्हा बसवताना वंगण फक्त आट्यांना लावावे, टोकाला लागू देऊ नये.

काम झाल्यावर गळती तपासण्याची पद्धत सोपी आहे. गाडी मोकळ्या हवेत, पक्क्या आधारावर उभी करावी, इंजिन थंड असतानाच सुरू करावे, जाड हातमोजा घालून घडी केलेल्या फडक्याने नळीचे तोंड काही सेकंद दाबावे आणि सहकाऱ्याने सांध्यांजवळ कान द्यावा. बारीक फुसफुस किंवा टकटक ऐकू आली, तर गळती तिथेच आहे. साबणाचे पाणी शिंपडल्यास बुडबुडे दिसतात, आणि काही दिवस वापरलेल्या गाडीत सांध्यावर उमटलेली काजळीची काळी रेघही तेच सांगते. ही तपासणी केवळ चाचणीपुरती नाही, कारण गळका धूर गाडीच्या आत शिरला तर त्यातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरू शकतो.

कन्व्हर्टर काढून त्या जागी सरळ नळी बसवणे आणि मागचा सेन्सर फसवण्यासाठी मध्ये तुकडा जोडणे, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. त्यामुळे चेक इंजिनचा दिवा कदाचित विझतो, पण नळीत प्रोब घालून मोजलेला वायू खोटे बोलत नाही, आणि बहुतेक देशांत हे बेकायदा आहे. डिझेल गाडीतील काजळीची गाळणी पोकळ करणेही तितकेच चुकीचे. जास्त प्रवाहाचा कन्व्हर्टर घ्यायचाच असेल, तर मान्यता क्रमांक कोरलेला घ्यावा. चौरस इंचाला 200 पेशींच्या (बारीक छिद्रांच्या) विरळ जाळीपेक्षा 400 पेशींच्या जाळीत वायूला जास्त पृष्ठभाग मिळतो, म्हणून चाचणीच्या दृष्टीने ती सुरक्षित.

शेवटच्या तोंडाकडेही लक्ष द्यावे. तपासणीचा प्रोब साधारण 30 सेंटीमीटर आत जाऊ शकला पाहिजे. लगेच वळणारी नळी किंवा छिद्रे असलेले शोभेचे टोक असेल, तर बाहेरची हवा मिसळून आकडे बिघडतात.

बॅटरी काढली किंवा फॉल्ट कोड पुसले, की ईसीयूच्या स्वयंतपासण्या शून्यावर येतात आणि त्या अपुऱ्या असतील तर काही देशांत गाडी तपासायलाच घेत नाहीत. त्यामुळे काम झाल्यावर काही दिवस गाडी नेहमीसारखी चालवावी: थंड इंजिनाने सुरुवात, थोडी गर्दीतील, थोडी एकसारख्या वेगाची. इंधनाची टाकी काठोकाठ भरलेली किंवा अगदी रिकामी नसावी. चाचणीच्या दिवशी वीसेक मिनिटे चालवून, इंजिन बंद न करता पोहोचावे.

तरीही गाडी नापास झाली, तर पावतीवरील सगळे आकडे एकत्र वाचावेत. कार्बन मोनॉक्साइड जास्त आणि लॅम्डा 1 पेक्षा कमी असेल, तर इंधन जास्त जाते आहे. सेन्सर आणि त्याच्या अलीकडचे सांधे पाहावेत. हायड्रोकार्बन एकटेच चढले असेल, तर स्पार्क प्लग व कॉइल तपासावे. ऑक्सिजन जास्त, लॅम्डा 1.03 च्या वर आणि कार्बन डायऑक्साइड 14 ते 15 टक्क्यांच्या बराच खाली असेल, तर मिसळलेली हवा शोधावी; अशा वेळी कन्व्हर्टर बदलण्यापूर्वी सांधे पुन्हा आवळून पाहावेत.