सायकलचे कपडे आणि साफसफाई: मराठवाड्यात या चुका टाळा

गिअरची सायकल घरात आली की माणूस आधी यूट्यूबवर जातो. तिथं सल्ला देणारा बहुतेक वेळा इंग्लंड-बेल्जियमकडचा. त्याच्याकडे वर्षभर भुरभुर पाऊस, रस्ते ओले, नळाला हवं तेवढं पाणी. आपल्याकडे ऑक्टोबरपासून जूनपर्यंत फुफाटा, एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडणारं ऊन, बोअरचं जड पाणी, आणि पाऊस पडला की काळी माती. तो त्याच्या जागी बरोबरच सांगतो. आपण त्याची यादी जशीच्या तशी ऑनलाइन मागवतो, तिथं गडबड होते.

पॅडच्या चड्डीखाली अंडरवेअर

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पॅडेड शॉर्ट्स थेट अंगावरच घालायची असते. तिच्या पॅडला आत शिवण नसते, ती याचसाठी. खाली सुती अंडरवेअर घातली की तिची शिवण नेमकी मांडीच्या सांध्यात येते, कापड घामानं भिजतं, आणि तीस-चाळीस किलोमीटरनंतर कातडी सोलवटून निघते. मग दोष सीटला दिला जातो. सीटवर जेलचं जाडजूड कव्हर चढतं. ते कव्हर मऊ असल्यानं हाडांखाली दबतं आणि मधल्या नाजूक भागात वर येतं. पायात मुंग्या येणं, बधिरपणा हे त्यानंतर सुरू होतं. आधी अंडरवेअर काढा, मग सीटची उंची तपासा. कव्हरची गरज बहुतेकांना उरत नाही.

चौकात चहाला थांबल्यावर तंग चड्डीत संकोच वाटतो, हे खरं आहे. वरून पातळ, सैल हाफपँट घाला. कुणी काही म्हणत नाही, आणि खिशात सुटे पैसेही राहतात. लांबच्या पल्ल्याला मांडीच्या सांध्यात थोडं खोबरेल किंवा व्हॅसलीन लावलं तर घासणं कमी होतं. पॅडवर मात्र ते थापू नका.

खरी नासाडी घरी धुताना होते. आपल्याकडे कपडा दगडावर आपटल्याशिवाय स्वच्छ झाला असं वाटत नाही. पॅडची चड्डी आपटली, ब्रशनं घासली, पिळा मारून पिळली की आतला फोम तुटतो आणि गोळे होतात. लायक्रा, म्हणजे चड्डीचं ताणलं जाणारं कापड, कडक उन्हात वाळवली की तिचा ताण जातो, चार-सहा महिन्यांत मांडीवर ढिली पडते. उलटी करून गार पाण्यात, थोड्या साबणानं, हातानं दाबून धुवायची आणि पॅड बाहेर ठेवून सावलीत वाऱ्याला टांगायची. वासाचं फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम शोषला जात नाही. जड पाण्यात साबण नीट निघत नाही, पॅडमध्ये राहतो आणि पुढच्या राइडला खाज सुटते. म्हणून साबण निम्मा आणि खंगाळणं एक वेळ जास्त. राइडवरून आल्यावर चड्डी न धुता तशीच बॅगेत ठेवून तीच पुन्हा घालणाऱ्यांना गळवं होतात. नुसती क्रीम लावून ते थांबत नाही.

सुती बनियन वाईट नाही, पण

सुती कपड्यांना सरसकट नावं ठेवायची फॅशन आहे. मला ती पटत नाही. आपलं ऊन कोरडं असतं. ऑफिसपर्यंत सात-आठ किलोमीटर जायचं तर ढगळ, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट एप्रिलमध्येही चांगला चालतो. घाम उडताना अंग गार करतो. अडचण लांबच्या पल्ल्याला येते. संभाजीनगरहून पैठण साधारण पन्नास किलोमीटर. तेवढ्या अंतरात सुती टी-शर्ट भिजतो, जड होतो, काखेत आणि छातीवर घासतो. तिथं पातळ पॉलिस्टरची जर्सीच हवी.

पण जर्सी कोणती? दुकानात काळी, गडद निळी, अर्ध्या बाह्यांची पटकन डोळ्यात भरते. आपल्या उन्हाला पूर्ण बाह्यांची, फिक्या रंगाची घ्यावी, किंवा अर्ध्या बाह्यांवर पांढरे आर्म स्लीव्ह्ज चढवावेत. मेमध्ये घरी आल्यावर जर्सी काढून पाठीकडून बघा. मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात, नदीच्या पात्रासारख्या. एवढं मीठ अंगातून गेलेलं असतं, आणि बाटलीत मात्र नुसतं पाणी. एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर टाकून न्या.

गडद रंगाचा दुसरा धोका पहाटेचा. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरला मागे दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि शेवटच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. त्या अंधारात तुम्हीही काळ्या कपड्यांत असलात तर मागून येणाऱ्याला दोघंही दिसत नाहीत. रेडियमची पट्टी असलेलं जॅकेट आणि मागचा लाल दिवा हा खर्च जर्सीच्या आधी करा. पहाटे काळा गॉगल नको, पारदर्शक किंवा पिवळा चष्मा घ्या. ट्रॉलीवरून उडणारं पाचट आणि धूळ डोळ्यात गेली की सायकल सरळ ठेवणं मुश्कील.

हिवाळ्यात उलटी चूक. डिसेंबरमध्ये परभणी-नांदेडकडे पहाटे पारा दहाच्या खाली येतो आणि दहा वाजेपर्यंत ऊन चटका देतं. लोक स्वेटर आणि जाड जॅकेट घालून निघतात. पाचव्या किलोमीटरला आत घाम, आणि उतार लागला की तोच घाम गार पडतो. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, एवढेच कपडे घाला. पातळ विंडचीटर, काढून खिशात ठेवता येतील असे स्लीव्ह्ज आणि पूर्ण बोटांचे हातमोजे पुरतात. खुलताबादपुढे म्हैसमाळ चढून गेलात तर उतरण्याआधी टपरीवरचा जुना पेपर जर्सीच्या आत छातीवर सरकवा. टूर द फ्रान्सचे जुने शर्यतपटूही डोंगर उतरताना हेच करायचे. वारा अडतो आणि खाली पोचल्यावर पेपर टाकून देता येतो.

हेल्मेटखाली जाड टोपी घातली की हेल्मेट डोक्यावर अधांतरी बसतं. घामासाठी पातळ दस्ती बांधा आणि पट्टा त्यानंतर आवळा. हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच. हेल्मेट पुसायला पेट्रोल किंवा थिनर कधीच नको, आतला थर्मोकोलसारखा फोम त्यानं विरघळतो. ओढणी आणि सैल पायजमा यांचं वेगळं सांगायला नको. ओढणी पाठीमागे गाठ मारून कमरेत खोवा, पायजम्याच्या उजव्या पायाला रबर लावा.

पावसाळ्यासाठी लांब रेनकोट घेऊ नका. आपला पाऊस येतो तेव्हा जोरात येतो, अर्ध्या तासात उघडतो. घोळ चाकात जायची भीती जास्त. दोन मडगार्ड त्याहून कामाचे.

आता धुण्याचं

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्या भागात हे घडलं तिथं अंगणात पाइप लावून सायकल धुणं बघवत नाही, आणि त्याची गरजही नाही. अर्धी बादली पुष्कळ होते. आधी कोरडं काम: रंगाचा जुना ब्रश घेऊन फ्रेमवरची, ब्रेकच्या फटींतली, सीटखालची धूळ झाडून टाका. धूळ झाडण्याआधी ओलं फडकं फिरवलं की तीच धूळ पॉलिश पेपरचं काम करते आणि रंगावर गोल गोल ओरखडे उठतात. मग ओल्या फडक्यानं पुसा, लगेच कोरड्यानं. जुनी सुती बनियन याला सगळ्यात चांगली. पण फडकी तीन ठेवा: एक फ्रेमला, एक चेनला, एक फक्त डिस्कला (डिस्क ब्रेकच्या चकतीला) किंवा रिमला. चेनचं फडकं चुकून डिस्कला लागलं की ब्रेक गेलाच समजा.

पाणी वाचवायचं म्हणून पुष्कळ जण आरओचं टाकाऊ पाणी सायकलला वापरतात. हेतू चांगला, पाणी चुकीचं. गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. वाळल्यावर फ्रेमवर पांढरे डाग पडतात आणि स्क्रूच्या डोक्यांवर गंज लवकर चढतो. ते पाणी फरशीला वापरा. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र जपून ठेवा. त्यात क्षार नसतात, शेवटचं फडकं त्यात बुडवून पुसलं तर डाग राहत नाहीत.

वॉशिंग सेंटरचं तर विचारूच नका. गाड्या धुणाऱ्या पोराच्या हातात सायकल दिली की तो मोटारसायकलसारखाच फवारा मारतो. त्या दाबानं पाणी हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या), बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलच्या आसाच्या) सीलमधून आत शिरतं आणि ग्रीस बाहेर ढकलतं. सायकल त्या दिवशी चकाचक दिसते. दोन-तीन आठवड्यांनी पायडल मारताना करकर सुरू होते. चाक उचलून हातानं फिरवा आणि दुसरा हात फ्रेमवर ठेवा. आत वाळू भरडल्यासारखी थरथर जाणवली तर नुसतं तेल घालून भागणार नाही. साधे छर्रे असतील तर वाटी उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरायचं. सीलबंद बेअरिंग असेल तर बदलायचं.

पावसाळ्यात डांबर सोडून पाणंदीत शिरण्याचा मोह टाळा. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि टायरला थरावर थर चढतो. वीस-पंचवीस पावलांत चाक फ्रेममध्ये अडकतं. तेव्हा जोर लावून पायडल मारणाऱ्यांचा मागचा डेरेलर (गिअर बदलणारा भाग) तुटलेला पाहिला आहे. उतरा, काटकीनं माती काढा, सायकल खांद्यावर घ्या. घरी आल्यावर ढेकळं थोडी सुकू द्या आणि हातानं ओढून काढा, ती बाथरूममध्ये धुतली तर नाली तुंबते. उरलेली माती ओल्या फडक्यानं भिजवून काढा. चेन मात्र त्याच संध्याकाळी साफ झाली पाहिजे.

चेन: सगळ्यात जास्त चुका इथं

पहिली चूक तेलाची. इंजिन ऑईल, मोटारसायकलचा चेन स्प्रे, कधी घरचं खोबरेल. खाद्यतेल हवेत राहून चिकट होतं. जाड ऑईल धूळ धरून ठेवतं. अशा चेनवरून बोट फिरवा आणि लागलेलं काळं दोन बोटांत चोळा. काजळासारखं दिसतं, पण आत बारीक कचकच लागते. ती कचकच दर फेऱ्याला पिनांना घासत असते. चेन भिजलेली दिसते म्हणून मालक खूश असतो.

इथं यूट्यूबवाल्याचं 'वेट लूब', म्हणजे ओल्या हवेसाठीचं चेनचं तेल, आपल्याला फक्त जून ते सप्टेंबर उपयोगाचं. बाकीचे महिने ड्राय लूब (लावल्यावर सुकणारं) किंवा मेण. ड्राय लूब लावून लगेच निघू नका. त्यातलं पातळ द्रावण उडून जायला वेळ लागतो, म्हणून आदल्या रात्री लावा. प्रत्येक रोलरवर एकच थेंब, चेनच्या आतल्या बाजूनं. पायडल उलटं फिरवा, थोड्या वेळानं बाहेरचं सगळं पुसून टाका. बाहेरून चेन कोरडी दिसली पाहिजे. साधारण दीडशे-दोनशे किलोमीटरनंतर, किंवा खरखर ऐकू आली की पुन्हा. मेण करायचं असेल तर कंपनीचं मूळ ग्रीस आधी पूर्ण काढा, आणि पॅराफिन गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवा, थेट गॅसवर नको.

दुसरी चूक डब्ल्यूडी-४० ची. निळा-पिवळा डबा प्रत्येक घरात असतो. ते १९५३ मध्ये अमेरिकेत बनवलं गेलं पाणी हटवायला आणि गंज अडवायला. अडकलेला स्क्रू सोडवायला उत्तम. चेनवर मारलं तर आतलं तेल पातळ करून बाहेर आणतं आणि स्वतः फार काळ टिकत नाही. ते मारताना तुषार डिस्कवर उडतात, हा वेगळा ताप. डिस्क अचानक किंचाळायला लागली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, ब्रेकचे पॅड बारीक पॉलिश पेपरवर हलके घासा. पॅडनं तेल पिलेलं असेल तर तो टाकून द्या, धुऊन उपयोग नाही.

रॉकेलबद्दल भांडणं होतात. माझं मत: चेन धुवायला रॉकेल चालतं, पण पूर्ण वाळू द्या. ओल्या चेनवर तेल सोडलं की रोलरमधलं रॉकेल त्या तेलाला पातळ करतं. वाटीभर पुरतं, दातांचा जुना ब्रश घ्या. वापरलेलं रॉकेल बरणीत ठेवलं तर दोन दिवसांत गाळ खाली बसतो, वरचं पुन्हा वापरता येतं. नालीत ओतू नका. पेट्रोल नकोच, घरात पेट कधी घेईल सांगता येत नाही.

रिम ब्रेकवाल्यांनी पहिल्या पावसानंतर ब्रेकचे रबर काढून बघावेत. त्यात वाळूचे कण आणि ॲल्युमिनियमचे चमचमते तुकडे रुतलेले असतात. तेच रिमवर चरे पाडतात. सुईनं उकरून काढा. आणि टायर पुसतानाच बोटानं चाचपा. सराटे आणि वेडी बाभूळ यांचे काटे दिसत नाहीत, हाताला लागतात.

शेवटी चेन मापा. त्यासाठी महागडं साधन लागत नाही, स्टीलची फूटपट्टी पुरते. चेन ताणून शून्य एका पिनच्या मधोमध धरा. नव्या चेनला बरोबर बारा इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. तो अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेला असेल तर चेन बदला. पूर्ण एक सूत गेला असेल तर नवी चेन जुन्या कॅसेटवर (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांवर) दात सोडते, म्हणजे कॅसेटचाही खर्च धरून चला.