न्यू जर्सीत भाजीचा वाफा घेताना

मंडळाच्या गणपतीत आपली माणसं भेटतात. घरामागच्या गल्लीतली माणसं ओळखीची व्हायची असतील, तर गावच्या कम्युनिटी गार्डनमध्ये, म्हणजे रहिवाशांच्या सामायिक बागेत, वाफा घ्या. टाउनशिपच्या ऑफिसात किंवा लायब्ररीच्या काउंटरवर जानेवारीतच चौकशी करा. मार्चपर्यंत वाफे संपलेले असतात. रहिवासाचा पुरावा म्हणून लीज किंवा विजेचं बिल जवळ ठेवा. करारातले दोन मुद्दे नीट वाचा: सार्वजनिक कामाचे तास किती आणि वाफा किती आठवडे ओसाड राहिला की काढून घेतात. आपल्या लोकांचे वाफे जातात ते जुलैतल्या भारतवारीत. जाण्याआधी शेजारच्या वाफेवाल्याला पाणी घालायला सांगा, भाजी तोडून न्यायलाही सांगा, आणि तो सुट्टीवर गेला की त्याचा वाफा तुम्ही सांभाळा. खरी ओळख इथेच होते.

पेरणीआधी माती तपासा. रटगर्स विद्यापीठाचं एक्स्टेन्शन ऑफिस जवळपास प्रत्येक काउंटीत आहे. 1914च्या कायद्याने देशभर उभी राहिलेली ही कृषी सल्ल्याची व्यवस्था नवख्यांना माहीतच नसते. वाफ्यातल्या 10-12 जागांची 6 इंच खोलपर्यंतची माती एकत्र मिसळून त्यातली थोडी पाठवा. जुन्या घराशेजारची जागा असेल तर शिशाची तपासणीही मागा, कारण शिसं असलेल्या जुन्या रंगाचे पोपडे मातीत मिसळलेले असतात. माती विकत घ्यायची झाल्यास 4 बाय 8 फुटांच्या, फूटभर खोल वाफ्याला 32 घनफूट लागते, म्हणजे दीड घनफुटाच्या 21-22 पिशव्या. नुसत्या कंपोस्टने वाफा भरू नका. ते बसतं आणि ऑगस्टपर्यंत पातळी खाली जाते. दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट पुरे.

मेथी आणि कोथिंबीर एप्रिलमध्ये पेरा. स्वयंपाकघरातले धणे चालतात, फक्त लाटण्याने हलके रगडून दोन डाळिंब्या सुट्या करा. जूनच्या उन्हात कोथिंबीर तुऱ्यावर येते. त्यात तुमची चूक नाही, ऑगस्टअखेर पुन्हा पेरा. भेंडीची घाई मात्र नको. मेचा मध्य उलटून माती 65 अंश फॅरनहाइटच्या वर गेली की रात्रभर भिजवलेलं बी लावा. थंड मातीत ते कुजतं. पेरायचं बियाणं भारतातून बॅगेत आणू नका, त्याला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला, लागतो.

दुधी-पडवळाचा मांडव वाफ्याच्या उत्तर कडेला घाला, म्हणजे तुमच्या इतर भाज्यांवर सावली पडत नाही. उत्तरेला लागूनच दुसऱ्याचा वाफा असेल तर मांडव बांधण्याआधी त्याला विचारा. तक्रारींचं मोठं कारण हेच असतं. पुदिना कुंडीतच ठेवा, जमिनीत लावला तर मुळांनी शेजारच्या वाफ्यात शिरतो. ग्राउंडहॉग हा बिळात राहणारा, भाज्या खाणारा प्राणी. त्याच्यासाठी जाळी जमिनीखाली फूटभर गाडा, नाहीतर तो खालून भुयार काढून येतो. खांबांसाठी खणायचं असेल तर आधी गार्डनच्या समन्वयकाला विचारा. घरच्या अंगणात खणायचं असेल तर काही दिवस आधी 811 ला फोन करा. गॅसच्या आणि विजेच्या लाइन कुठून जातात ते फुकट आखून देतात.

भेंडी एक दिवसाआड तोडा, नाहीतर निबर होते. उरलेली इतरांना नेता यावी म्हणून बागेच्या फाटकाजवळच्या टेबलावर ठेवा आणि ती कशी परतायची ते चार ओळींत लिहून ठेवा.