हिस्सेदार म्युनिकला, दावा सांगलीत: समन्स बजावायचं कसं?

मी सांगलीत दिवाणी वकिली करते. वाटपाच्या दाव्यांत हल्ली एखादा तरी प्रतिवादी परदेशात असतो. द्राक्षबाग तासगावला, घर मिरजेत आणि हिस्सेदार म्युनिकला नाहीतर दुबईला.

आधी त्याला फोन करा. त्याचं भांडण नसेल तर इथल्या वकिलाला वकीलपत्र देऊन तो स्वतःहून हजर होऊ शकतो. इथे कुणाला मुखत्यारपत्र दिलं असेल तर त्यात समन्स स्वीकारण्याचा अधिकार आहे का, तेही वाचा. असेल तर बजावणी इथेच होते.

दोन्ही नसेल तर पत्त्याच्या मागे लागा. माझ्या मते निम्मं काम हेच. ‘सध्या रा. जर्मनी’ एवढ्यावर बजावणी होत नाही. पत्ताच माहीत नसेल तर 1965 चा हेग करार, म्हणजे कोर्टाचे कागद परदेशात बजावण्याचा आंतरराष्ट्रीय करारही लागू होत नाही. घर क्रमांक, रस्ता, गाव, पिनकोड सगळं हवं. दर वर्षी पोस्टाने राखी पाठवणाऱ्या बहिणीला विचारा, तिच्याकडे तो अचूक मिळतो.

मग देश पाहा. हा करार भारताला 1 ऑगस्ट 2007 पासून लागू आहे. जर्मनी, अमेरिका, ब्रिटन त्यात आहेत. दुबईचं वेगळं: संयुक्त अरब अमिराती या करारात नाही, तिथे भारताशी झालेल्या 1999 च्या द्विपक्षीय करारानुसार जावं लागतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5, नियम 25 मध्ये पोस्ट, कुरिअर, ईमेल सगळं आहे, म्हणून पक्षकार म्हणतात, ‘मॅडम, स्पीड पोस्ट करून टाकू.’ अमेरिका आणि ब्रिटनचा टपालाला विरोध नाही. जर्मनीचा आहे. तिथे पोस्टाने पाठवलेल्या समन्सवर पुढे हरकत येते आणि हुकूमनामा अडचणीत येतो. एवढी वर्षं जमिनीसाठी झगडलेल्या माणसावर ती वेळ आणू नका.

करारातला नमुना अर्ज भरा आणि समन्स, दावा, कागदपत्रं दोन प्रतींत जोडा. जर्मनीसाठी सगळ्याचं जर्मन भाषांतर लावा, अमेरिकेसाठी मराठी दाव्याचं इंग्रजी. अर्जावर सही कोर्टाची लागते, वकिलाची चालत नाही. कागद कोर्टामार्फत दिल्लीला, विधी व न्याय मंत्रालयाच्या विधी कार्य विभागाकडे जातात आणि तिथून पुढे. म्हणून तारीख लांबची मागा, महिन्याभराची मुळीच घेऊ नका.

बजावणी झाली की तिकडून प्रमाणपत्र येतं. ते पुरसीससोबत, म्हणजे कोर्टाला दिलेल्या लेखी निवेदनासोबत दाखल करा. प्रयत्न करूनही आलं नाही, तर कागद पाठवल्यापासून किमान सहा महिने गेल्यावर हेग कराराच्या कलम 15 खाली दावा पुढे चालवण्याची विनंती करता येते. त्यासाठी पाठवल्याची पोच आणि स्मरणपत्रांच्या प्रती पहिल्या दिवसापासून फाइलला लावत चला.