नेत्याची आर्थिक भूमिका समजावून सांगताना

पणजीत राहून गोव्याच्या अर्थसंकल्पावर मराठीत लिहिताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. एखाद्या नेत्याच्या धोरणावर भाष्य करण्याआधी ते इतक्या नेमकेपणाने मांडावे, की त्याच्या समर्थकानेही ‘आमचे म्हणणे हेच आहे’ असे म्हणावे. त्यासाठी निवडणुकीतील भाषणांपेक्षा अर्थसंकल्पीय भाषण आणि त्यावरील चर्चेला पर्वरीच्या विधानसभेत दिलेले उत्तर अधिक उपयोगी पडते, कारण विरोधकांच्या प्रश्नांमुळे नेत्याला तिथे कारणे द्यावी लागतात.

नवोदितांना मी नेहमी एकच उदाहरण देतो. मार्च २०१२ मध्ये मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी आपल्या अर्थसंकल्पात पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर (व्हॅट) ०.१ टक्क्यावर आणला आणि पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरले. ‘जनतेला दिलासा’ एवढे लिहून इथे थांबू नये. कर घटला म्हणून ग्राहकाचा दर तेवढाच घटतो असे नाही. भाजीच्या बाबतीत काही वाटा व्यापाऱ्याकडे राहू शकतो. पेट्रोलचा दर मात्र तेल कंपन्या जाहीर करीत आणि राज्याचा कर त्यावर चढे, त्यामुळे सवलत जवळजवळ पूर्णपणे पंपापर्यंत पोहोचली. गोव्यात बहुतेक घरांत दुचाकी आहे आणि कामावर जाणे टाळता येत नाही, म्हणून अल्पकाळात पेट्रोलची मागणी दराप्रमाणे फारशी हलत नाही व वाचलेले पैसे बहुतांशी कुटुंबाच्या हाती राहतात. भूमिकेची खरी ताकद इथे आहे. मालवाहतूक मात्र डिझेलवर चालते. तेव्हा या कपातीमुळे बाजारातील मासळी स्वस्त होईल असे कोणी म्हटले, तर तो दावा वेगळा तपासावा लागतो.

मग गळतीकडे, म्हणजे सवलत ज्यांच्यासाठी नव्हती त्यांच्याकडे गेलेल्या लाभाकडे, वळावे. पत्रादेवी आणि पोळे या सीमांजवळची शेजारच्या राज्यांतील वाहने, तसेच पर्यटक यांनाही स्वस्त पेट्रोल मिळत होते. अशाने विक्री वाढली, तरी कराच्या एवढ्या अल्प दरामुळे वाढीव विक्रीतून तिजोरीत फारसे काही येत नव्हते. सोडलेला महसूल कुठून भरून काढायचा, याचे उत्तर धोरण टिकण्याच्या दृष्टीने निर्णायक असते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि खाणींकडून राज्याला मिळणाऱ्या स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) मोठा आधार तुटला. पुढे पेट्रोलवरील कर पुन्हा वाढत गेला. म्हणून कोणत्याही धोरणाचे स्पष्टीकरण लिहिताना ते कोणत्या परिस्थितीत बरोबर ठरते, हे एका स्वतंत्र वाक्यात लिहावेच.

त्याच सरकारने २०१२ मध्येच सुरू केलेली गृह आधार योजना तुलनेसाठी फार उपयुक्त आहे. तिचाही हेतू महागाईची झळ कमी करणे हाच होता. पण महिन्याला १,००० रुपयांची ती रक्कम पात्र गृहिणीला मिळत असे, मग घरी वाहन असो वा नसो. कर कपातीचा लाभ मात्र जो जितके पेट्रोल भरतो, त्याला तितका. यांपैकी कोणत्या कुटुंबाला आधी आधार द्यावा हा मूल्यांचा प्रश्न आहे आणि सर्व परिणामांवर एकमत असलेले दोन अभ्यासकही त्यावर वेगळे मत देऊ शकतात. तो भाग कार्यकारणाच्या परिच्छेदात मिसळू न देता वेगळा लिहावा, म्हणजे नेत्याशी आपला मतभेद नेमका कुठे आहे हे वाचकाला दिसते.